इंजिन दुरुस्त करावे की बदलावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने बोलावयाचे आणि विषय घ्यावयाचा तो आरोग्य, मुलांचे संस्कार नाहीतर स्वयंपाकघरातील काटकसर, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. मी माझा विषय सांगितला तेव्हा कार्यकारिणीतील दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, "अगो, बसचे इंजिन हा काय बायकांचा विषय?" मी म्हटले, "आरोग्य, संस्कार आणि काटकसर या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. शिवाय आपल्या सभागृहाच्या फरशीचे पैसे त्या इंजिनात गेले आहेत, तेव्हा ते कसे गेले हे ऐकण्याचा तुम्हा सर्वांना अधिकार आहे."

आज आपण सतरंज्या घालून कोब्यावर बसलो आहोत. खालून गारवा लागत असेल, तर त्याला अंशतः मी जबाबदार आहे. म्हणून हा हिशेब.

शाळेची एक छोटी बस आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. २०११ ची बांधणी, बत्तीस आसने, चार सिलिंडरचे डिझेल इंजिन. सकाळी माडखोल-दाणोलीच्या बाजूची मुले आणावयाची, मग दुसरी फेरी, आणि सायंकाळी उलट क्रमाने पोहोचवावयाची. मोठ्या मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो हे खरे, परंतु एस.टी. हमरस्त्यावर थांबते. तेथून वाडीपर्यंतचा दीड-दोन मैलांचा रस्ता पावसाळ्यात सहा-सात वर्षांच्या पोराने एकट्याने कसा चालावा? शाळेच्या परिवहन समितीत पालकांची प्रतिनिधी म्हणून मी होते. त्यामुळे बसची कुरकूर प्रथम माझ्या कानी येई.

ती कुरकूर २०२३ च्या उन्हाळ्यात सुरू झाली. सकाळी गाडी सुरू केली की निळसर धूर. माडखोलच्या पुढचा चढ लागला की गाडी ओढेना. जूनमध्ये शाळा उघडली, पाऊस लागला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी गाडी वाटेतच उभी राहिली. रेडिएटरमधून वाफ येत होती. एकोणतीस मुले रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, दप्तरे डोक्यावर घेऊन तासभर भिजली. आंबोलीच्या पायथ्याचा पाऊस कसा असतो, हे मी तुम्हाला सांगावयास नको. त्यातील एक माझी नात होती. कोणाला इजा झाली नाही, ही देवाची कृपा. पण वळणावर थांबलेल्या गाडीमागून एखादा मालट्रक आला असता तर, हा विचार त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. खोलीत माणसे बारा आणि मते तेरा.

एक पक्ष म्हणाला, हेडची गॅस्केट गेली असेल; ती बदला, अठरा हजारांत काम होईल, गाडी सोमवारी रस्त्यावर. दुसरा म्हणाला, असले ठिगळ नको, फुल इंजिन काम काढा; पिस्टन, लायनर, रिंगा, बेअरिंग सारे नवे घालून इंजिन पुन्हा बांधा. त्याचा अंदाज एक लाख पस्तीस हजार. तिसऱ्याच्या ओळखीत मोडीत निघालेल्या एका गाडीचे इंजिन नव्वद हजारांत मिळत होते. चौथा म्हणाला, कंपनीने नव्याने बांधून दिलेले इंजिन घ्यावे; जुने इंजिन परत देऊन दोन लाख दहा हजार, आणि वर्षाची हमी. पाचव्याने सरळ नवी बस सुचवली. तिची किंमत वीस लाखांच्या वर असल्याने त्या सूचनेला अनुमोदक मिळाला नाही.

मी कोणत्या पक्षात होते, हे आज मोकळेपणाने सांगते. मी दुरुस्तीवाली होते, आणि हट्टी दुरुस्तीवाली होते. आपण गोधडी शिवणाऱ्या बायका. फाटलेल्या लुगड्याचे पोलके, पोलक्याचे दुपटे आणि दुपट्याचे फडके, अशा तीन जन्मांतून कापड गेल्यावाचून आपण ते टाकत नाही. एवढे धडधाकट दिसणारे लोखंड टाकून द्यावयाचे म्हणजे मला उधळपट्टी वाटली. मी भाषणच केले. म्हटले, आपली गंजिफा मरणाच्या दारी पोहोचली होती, तेव्हा १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. टाकून दिली असती तर आज काय राहिले असते? सावंतवाडीच्या माणसाला जुने सांभाळता आले पाहिजे!

त्यावर मुख्याध्यापकबाई शांतपणे म्हणाल्या, "गंजिफा चुकली तर फार तर डाव जातो. या इंजिनाच्या भरवशावर आपण तीस मुले घाटाकडे पाठवतो."

मी गप्प बसले. पण मत सोडले नाही.

मला आणखी एक दाखला आठवत होता. माझ्या माहेरी भाताची गिरण होती. तिचे इंजिन आजोबांच्या वेळचे. ते वडिलांनी चालवले आणि भावाने चालवले. कितीदा उघडले आणि कितीदा बांधले, याची गणती नाही. मग बसचेच इंजिन का टिकू नये? हा प्रश्न मी आमच्या मिस्त्रींना विचारला, तेव्हा त्यांनी समजावून सांगितले ते मला पटले. तसल्या जुन्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनाचे चाक मिनिटाला साडेसहाशे फेरे घेते. ते एका जागी बोल्ट मारून बसवलेले असते, अंगाने जाड असते आणि त्याच्यावरचा भार सारा वेळ एकसारखा असतो. बसचे इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेते, चढावर कण्हते, उतारावर धावते, थांब्याथांब्यावर श्वास घेते. वजन कमी व्हावे म्हणून त्याचे अंगही बेताचेच ठेवलेले असते. पाटा आणि मिक्सर यांच्या आयुष्याची तुलना करू नये, तसेच हे.

बरे, डिझेल इंजिन चालते कसे, हेही दोन वाक्यांत सांगते. म्हणजे पुढचे कळेल. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियराने १८९७ मध्ये आपले यंत्र यशस्वीपणे चालवून दाखवले. त्यात ठिणगी नाही. सिलिंडरमधली हवा पिस्टनने इतकी दाबावयाची की ती आपोआप तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो पेट घेतो. म्हणजे दाब हाच या इंजिनाचा प्राण. रिंगा झिजल्या, लायनर झिजले किंवा गॅस्केट फुटली, की दाब निसटतो. दाब निसटला की ताकद गेली. जो दाब वर काम करावयाचा तो खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो आणि ब्रीदरच्या नळीतून फस्‌फस् बाहेर पडतो. गॅरेजवाले याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. धुराचीही एक भाषा आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. गाडी तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर पाणी आत शिरत असल्याची शंका घ्यावी.

आमचे मिस्त्री वयस्कर गृहस्थ. समितीत इतका वेळ आम्ही भांडत होतो आणि ते कोपऱ्यात बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आधी मोजूया, मगे बोलूया."

मैत्रिणींनो, या चार शब्दांसाठीच आजचे भाषण आहे असे समजा. तोवर आमच्यापैकी कोणीही इंजिनाला माप लावले नव्हते. प्रत्येकजण आपल्या स्वभावाप्रमाणे बोलत होता. चिकट माणूस ठिगळ सांगत होता, भित्रा नवे सांगत होता, आणि माझ्यासारखी हळवी बाई गंजिफा सांगत होती.

मोजणी दोन पायऱ्यांत झाली. पहिली इंजिन न उघडता. चारही सिलिंडरचा दाब दाबमापकाने घेतला. पहिल्याचा सत्तावीस किलो, दुसऱ्याचा पंधरा, तिसऱ्याचा चौदा, चौथ्याचा सव्वीस. मिस्त्री म्हणाले, चारही आकडे सारखेच उतरले असते तर सर्वांगाची झीज समजली असती. पण शेजारशेजारचे दोनच एकदम पडले आहेत, म्हणजे त्या दोहोंमधली गॅस्केट फुटली आहे आणि दाब एकातून दुसऱ्यात पळतो आहे. हे ऐकून अठरा हजारांचा पक्ष उठून उभा राहिला. परंतु मिस्त्रींनी ऑइलची पट्टी बाहेर काढून दाखवली. तिच्यावरचे ऑइल दुधाच्या चहासारखे झाले होते. रेडिएटरचे पाणी ऑइलमध्ये मिसळले होते. असे ऑइल बेअरिंगना वंगण देऊ शकत नाही. तापलेल्या इंजिनाचा ऑइलचा दाबही फार उतरला होता. म्हणजे दुखणे वरून सुरू झाले असले तरी खाली पोहोचले असण्याचा संभव होता. नुसती गॅस्केट बदलून गाडी सोडली असती, तर आठ दिवसांनी क्रँक जाम होऊन ती भर रस्त्यात थांबली असती.

येथे एका भगिनीचे नाव न घेता मला कौतुक करावयाचे आहे. शाळेच्या बसमध्ये मुलांबरोबर सेविका असावी लागते. आपल्याच मंडळाची एक सदस्य ते काम करते. रोज सकाळी इंजिनात किती ऑइल घातले, हे ती आपल्या हजेरीच्या वहीत मागच्या पानावर लिहीत होती. तिला कोणी सांगितले नव्हते. घरी गॅसची टाकी केव्हा लावली हे कॅलेंडरवर लिहिण्याची सवय, तीच येथे आली. त्या वहीत दिसले की जानेवारीत आठवड्याला अर्धा लिटर लागत होते, एप्रिलमध्ये लिटरभर, आणि जूनअखेर दर दोन दिवसांना लिटर. म्हणजे सहा महिने इंजिन आजारी होते, आणि त्याची नोंद आमच्याच घरात पडून होती. चालकमामा ती वही पाहून हळहळले. म्हणाले, "इंजिन बोलता बाय, पन आमी आयकूक नाय."

आता इंजिन उघडावयाचे ठरले. परंतु उघडण्यापूर्वी मुख्याध्यापकबाईंनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. त्या म्हणाल्या, "एकदा उघडले की आपण मोहात पडू. एवढा खर्च झालाच आहे, आणखी पाच हजार घालू, आणखी दहा घालू, असे होत जाईल. तेव्हा कोठे थांबावयाचे, ते आजच लिहून ठेवू." आणि आम्ही ठरावाच्या वहीत तीन ओळी लिहिल्या. ब्लॉकला तडा निघाला तर दुरुस्ती नाही. क्रँक घासण्याच्या शेवटच्या मापाच्या पलीकडे गेला असेल तर हिशेब नव्याने मांडावयाचा. आणि दुरुस्तीचा एकूण खर्च बांधीव इंजिनाच्या किमतीच्या दोन तृतीयांशांवर गेला तर दुरुस्ती नाही. त्याखाली सर्वांनी सह्या केल्या. माझी सही सर्वांत वर आहे. कारण दुरुस्ती या तिन्ही ओळींच्या आतच बसणार, याची मला खात्री होती.

इंजिन उतरवण्यास आणि उघडण्यास नऊ हजार रुपये आणि अकरा दिवस लागले. त्या दिवसांत मी दोनदा गॅरेजमध्ये गेले. टेबलावर कापड अंथरून सारे भाग ओळीने मांडले होते. एखाद्या घरचे सामान अंगणात काढून ठेवावे तसे. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून पातळ पात्या सरकवून पाहिल्या. हेड तापून वाकले होते. लायनर झिजले होते, पण ते बदलावयाचेच होते. मग क्रँक मायक्रोमीटरने मोजला. तो मागे एकदा अर्धा मिलिमीटर घासलेला निघाला. ती दुरुस्ती कधी झाली, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. गाडी शाळेने जुनी घेतली होती. आमच्या इंजिनासाठी बाजारात पाऊण मिलिमीटरपर्यंतच बेअरिंगे मिळतात. क्रँकवरचे ओरखडे त्याहून खोल होते. म्हणजे क्रँक नवा हवा, तो अडतीस हजार. हेडला पस्तीस हजार. एक लाख पस्तीसवर हे त्र्याहत्तर हजार चढले आणि आकडा दोन लाख आठ हजारांवर गेला. तिसरी ओळ ओलांडली गेली होती.

तरीही मी म्हटले, "पण ब्लॉक चांगला आहे ना?" तुम्हीच सांगा, हट्ट याहून निराळा असतो का?

मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. त्यांनी ब्लॉकचा माथा स्वच्छ पुसला, त्यावर लाल रंग फवारला, थोडा वेळ थांबून पुसून टाकला आणि वर पांढरी पूड मारली. आम्ही पाहत उभे राहिलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध, पांढऱ्या पुडीवर, केसासारखी एक लाल रेघ हळूहळू उमटली. नुसत्या डोळ्यांना तेथे काही दिसत नव्हते. भेगेत मुरलेला रंग पुडीने वर ओढून घेतला होता. ओतीव लोखंडाची ही भेग सांधून भरवशाची होत नाही. जेथे रोज जाळ आणि दाब, तेथे तर नाहीच.

त्या रेघेपुढे माझी गोधडी आणि माझी गंजिफा संपली. घरी येताना मोती तलावाच्या कट्ट्यावर थोडी बसले. खरे सांगते, वाईट वाटले. एक तर मी चुकले होते; आणि दुसरे म्हणजे पैसे कोठून आणावयाचे, हा प्रश्न आता टाळता येत नव्हता.

नव्वद हजारांचे मोडीतले इंजिन घेऊ, असे पुन्हा एकदा कोणी सुचवले. ते आम्ही का घेतले नाही, हेही सांगते. आमच्या इंजिनाची मागची दुरुस्ती आम्हाला माहीत नव्हती, म्हणून आम्ही फसलो. तर मग ज्याचा काहीच इतिहास माहीत नाही असे दुसरे इंजिन घेऊन तीच चूक पुन्हा करावयाची का? शिवाय गाडीच्या नोंदणी पुस्तकात इंजिनचा क्रमांक असतो. इंजिन बदलले की सिंधुदुर्गनगरीच्या परिवहन कार्यालयातून नवा क्रमांक नोंदवून घ्यावा लागतो, आणि विम्यातही तो कळवावा लागतो. कागदाविना आणलेले इंजिन बसवले आणि उद्या काही घडले, तर मुलांच्या आईबापांना काय तोंड दाखवावयाचे?

येथे एस.टी.चा दाखला देण्याजोगा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून एस.टी.ने गाड्या सांभाळण्याचे मोठे शास्त्रच उभे केले. एवढ्या मोठ्या संस्थेला एक सोय असते: एका गाडीचे इंजिन कार्यशाळेत सावकाश दुरुस्त होत असताना ती गाडी दुसऱ्या बांधीव इंजिनावर धावू शकते. आमची बस एकच. ती उभी राहिली की मुलांची शाळा उभी राहते. म्हणून लहान संस्थेने रुपयांबरोबर दिवसही मोजले पाहिजेत. आमच्या वाड्यांवरची अकरा मुले त्या पाच आठवड्यांत शाळेत नियमित येऊ शकली नाहीत, त्यातील सात मुली. एकीच्या आजीने मला स्पष्ट विचारले, "गाडी येवची नसात तर सांगा, चेडवाक घरी ठेवतंय, कामाक तरी येयत." दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात या वाक्याचा रकाना नसतो. तो आपण आखावा लागतो.

बांधीव इंजिन घ्यावयाचे ठरले. तेथेही एक गोष्ट शिकलो. दोन लाख दहा हजार ही किंमत जुने इंजिन परत देण्याच्या बोलीवर होती. पण ब्लॉकला तडा असल्याने जुन्याची किंमत कमी धरली गेली आणि पंचवीस हजार वाढले. दोन लाख पस्तीस हजार. आणि मिस्त्रींनी सांगितले की एवढ्यावर भागणार नाही. "इंजिन कित्या मेला ता बघूक नाय तर नवा पन मरतला." हे इंजिन का मेले, ते पाहिले नाही तर नवेही मरेल.

तेव्हा कारण शोधले. कारणे दोन निघाली, आणि दोन्ही फुटकळ. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी कित्येक महिने विहिरीचे पाणी भरले जात होते. गंज आणि गाळ साचून त्याच्या अर्ध्याअधिक नळ्या बुजल्या होत्या. त्यामुळे गाडी तापे, तापून हेड वाकले, आणि हेड वाकले म्हणून गॅस्केट फुटली. दुसरे कारण म्हणजे हवेच्या गाळणीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर पडली होती. तीन लिटरचे इंजिन जोरात चालताना मिनिटाला अडीच-तीन हजार लिटर हवा ओढते. आपल्याकडे उन्हाळ्यात जांभ्याच्या रस्त्यावरची तांबडी धूळ कशी उडते ते पाहा, आणि ती धूळ गाळल्यावाचून रोज आत जात होती असे समजा. रिंगा आणि लायनर तिने कानसीसारखे घासले. ही नळी काही शे रुपयांची असते. काही शे रुपयांच्या नळीने आणि फुकटच्या पाण्याने मिळून दोन लाखांचे इंजिन खाल्ले. मी आरंभी काटकसर म्हणाले ती ही. आपण जेथे करावयास नको तेथे काटकसर केली होती.

रेडिएटर, पाण्याचा पंप, नळ्या, मजुरी आणि नोंदणीचा खर्च मिळून चाळीस हजार. एकूण दोन लाख पंचाहत्तर हजार. शाळेकडे दीड लाख होते. उरले सव्वा लाख. आणि आपल्या मंडळाच्या खात्यात, आमसुले, कोकमचे आगळ, फणसपोळी आणि दिवाळीचा फराळ विकून नऊ वर्षांत जमवलेले, या सभागृहाच्या फरशीसाठी ठेवलेले एक लाख साठ हजार होते.

ती सभा तुम्हाला आठवत असेल. पुष्कळजणींना वाईट वाटले, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. एक ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, "फरशीवर बसून हळदीकुंकू करीन म्हणून मी नऊ वर्षे कोकमे फोडली." मला उत्तर सुचेना. मग त्याच थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण मी शाळेत चालत जात होते. चौथीनंतर पाऊस लागला, आणि घरच्यांनी पाठवणे बंद केले." एवढेच बोलून त्यांनी हात वर केला. ठराव एकमताने झाला. सव्वा लाख, बिनव्याजी. शाळेने दरमहा पाच हजार परत करावयाचे.

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात बस सुरू झाली. ऑक्टोबर २०२३ पासून हप्ते येऊ लागले. डिसेंबर २०२४ चा हप्ता धरून पंचाहत्तर हजार परत आले आहेत. राहिले पन्नास हजार. शिवाय शाळेने नव्या बससाठी वेगळे खाते उघडले आहे. इंजिन नवे झाले तरी गाडीची पाटे, सांगाडा आणि पत्रा २०११ चाच आहे, हे विसरून चालणार नाही. दरवर्षी योग्यता तपासणीला गाडी न्यावी लागते. एक दिवस ती नापास होईल, आणि तो दिवस आम्हाला बेसावध गाठू नये.

एका पालकाने मला नंतर टोचून विचारले, "शेवटी इंजिन बदललेच ना? मग उघडण्यात नऊ हजार आणि अकरा दिवस कशाला घालवलेत?" प्रश्न रास्त आहे. मी यावर पुष्कळ विचार केला. ते नऊ हजार वाया गेले असे मला वाटत नाही. न उघडता बदलले असते तर माझ्यासारख्या दहाजणी जन्मभर म्हणत राहिल्या असत्या की चांगले इंजिन टाकले. मुख्य म्हणजे बुजलेला रेडिएटर आणि चिरलेली नळी या शोधातच सापडली. नाहीतर नवे इंजिनही त्याच वाटेने गेले असते. अकरा दिवस मात्र जास्तच लागले. माप लावण्याचा निर्णय जानेवारीत, वहीत ऑइल वाढू लागले तेव्हाच घेतला असता, तर मे महिन्याच्या सुटीत सारे उरकले असते, आणि मुले पावसात भिजली नसती. ही चूक समितीची आहे आणि समितीत मी होते.

तेव्हा तात्पर्य काय सांगू? दुरुस्ती चांगली की बदल चांगला, हे मी सांगू शकत नाही. ब्लॉक शाबूत निघाला असता आणि क्रँक मापात असता, तर मी आजही दुरुस्तीच सांगितली असती, आणि ती योग्य ठरली असती. सांगण्यासारखे एवढेच की आधी मोजावे. कोठे थांबावयाचे ते मन शांत असताना लिहून ठेवावे. दुखणे काढताना त्याचे कारणही काढावे. आणि मत चुकले तर आपल्याच सहीखालच्या ओळी वाचून गप्प बसावे. गोधडीचेही तसेच आहे. कापडात जीव असतो तोवरच टाका बसतो. कुजलेल्या कापडाला सुई लावली तर टाक्यामुळेच ते फाटते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते; मी मात्र त्यांची अर्धीच शिकवण लक्षात ठेवली होती.

सेविकाताईंची वही आता शाळेने अधिकृत केली आहे. तिच्यात ऑइल, पाणी आणि हवेची गाळणी असे तीन रकाने आखले आहेत. दर शनिवारी चालकमामा, सेविकाताई आणि एक पालक त्याखाली सही करतात. या महिन्याची पाळी माझी आहे. परवाच्या शनिवारी ऑइलच्या रकान्यात पूज्य होते. इतके सुंदर पूज्य मी परीक्षेच्या पेपरावर कधी पाहिले नव्हते.

पन्नास हजार यावयाचे आहेत. दरमहा पाच हजार म्हणजे आणखी दहा महिने. तोवर सतरंज्या जाड घालू. पुढच्या वर्धापनदिनाला आपण फरशीवर बसू, आणि ज्या भगिनीने नऊ वर्षे कोकमे फोडली तिच्या हातून पहिले हळदीकुंकू लावून घेऊ.